सासूबाईंच्या चेहऱ्याची देवी

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

नाक जमत नाही. पत्रा पुन्हा तापवून मऊ केला, राळेच्या मऊ थरावर पालथा घातला, आतून ठोकत बसलो. उलटून पाहतो तर परत तेच नाक. सरळ, लांब आणि टोकाला जरा रागावलेलं. हे नाक मी कुठेतरी पाहिलंय.

काम गिरणारे गावाच्या पलीकडच्या एका वाडीचं आहे. त्यांच्या ग्रामदेवीला तांब्याचा मुखवटा हवाय. जुना आणून दाखवला, पण शेंदराने आणि हातांनी झिजून तो परातीसारखा सपाट झालाय. त्यावरून काय करणार? धोंडीराम म्हणून त्यांचा पुढारी आहे, तो म्हणाला, "तुमाला जशी दिसंल तशी करा. पन करारी पायजे. लय गोड नको."

आमचे वडील, अण्णा म्हणायचे, चेहरा आपण करत नाही, तो पत्र्यातून वर येतो. तांबटाने फक्त आडवं यायचं नाही. अण्णांना बोलायला काय जातंय! त्यांनी जन्मभर घागरी आणि बंब घडवले. घागरीला नाक नसतं.

५ सप्टेंबर

नाक राहू दिलं. करारी हवंय ना? घ्या करारी.

८ सप्टेंबर, सोमवार

पॉलिशला मुझफ्फरकडे घेऊन गेलो. आमच्या गल्लीतलं सगळं काम चकाकायला त्याच्याकडेच जातं. त्याने मशीन चालवलं, मुखवटा पुसला, समोर धरला आणि मशीन बंद केलं.

"शेठ, खरं बोलू? राग नाही ना येणार?"

"बोल."

"ही तुमची सासू आहे."

मी हसलो. मग पाहिलं. मग हसलो नाही.

सासूबाईच! तेच नाक, तीच हनुवटी, आणि डाव्या भुवईची तीच चढण — समोरच्याने आता काय मूर्खपणा केलाय, असं विचारणारी. गेल्या दिवाळीत त्यांच्या चकलीला मी "हातोडी आणू का?" म्हणालो होतो. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आणि इथे दोन आठवडे मी त्यांनाच घडवत बसलोय.

मुझफ्फरने पॉलिशचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, मावशींचे कसे घेऊ?

९ सप्टेंबर

कालिंदीने मुखवटा पाहिला. परत स्वयंपाकाला लागली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या आईची देवी झाली म्हणून आनंद मानू, की तुम्ही इतके दिवस तिला हातोडीने बडवत होतात म्हणून राग धरू?"

मी म्हटलं, मुद्दाम केलं नाही.

"तेच तर. मुद्दाम केलं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं."

१० सप्टेंबर

ओठ बारीक करून पाहिले, म्हणजे साम्य मोडेल. मोडलं नाही. आधी नुसत्या सासूबाई होत्या. आता काहीतरी बोलायच्या बेतात असलेल्या सासूबाई झाल्या.

११ सप्टेंबर

अपूर्वाने मुखवट्याचा फोटो स्टेटसला ठेवला. आमची मुलगी हुशार आहे, पण घरातलं घरात ठेवणं तिला जमत नाही. दुपारपर्यंत फोटो समाजाच्या ग्रुपवर. 'इंदूमावशी हुबेहूब!' 'जावई असावा तर असा.' एकाने तर नवस बोलून टाकला.

संध्याकाळी पंचवटीहून मेहुण्याचा, समर्थचा फोन.

"दाजी, आईने फोटो पाहिला."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

"मग बरं."

"बरं काय? काहीच बोलली नाही म्हणून तर फोन केला."

१२ सप्टेंबर

नवीन पत्रा कापला. पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरवलं. दिवसभर हातोडी उचलवली नाही. खरं सांगायचं तर असा मुखवटा माझ्या हातून पूर्वी कधी झाला नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. तो वितळवून टाकायचा, तेही चकलीपायी?

१३ सप्टेंबर, शनिवार

धोंडीराम न सांगता आला. सोबत अंबूबाई — देवीची पूजा त्याच करतात. शेवटचा शब्द त्यांचा. नापसंत केला असता तर घटस्थापनेआधी दुसरा होणं अवघड होतं. पण माझी सुटका झाली असती, म्हणून मी जरा आशेनेच मुखवट्यावरचा टॉवेल काढला.

अंबूबाईंनी आधी डोक्यावर पदर घेतला. मग दोन पावलं मागे सरकल्या.

"हिच्यापुढं खोटं बोलता येनार नाय," म्हणाल्या.

धोंडीराम म्हणाला, "सरपंचाला पयला हिच्यापुढं हुबा करतो."

मी म्हटलं, ओठ जरा सुधारतो, भुवई खाली घेतो.

"आता हात लावू नका," अंबूबाई म्हणाल्या. "आमची देवी हाय ती आता. पितरांचा पंधरवडा उरकू द्या. घटाच्या दिशी पहाटं न्यायला येतो."

झालं. मोडता येत नाही, बदलता येत नाही.

१४ सप्टेंबर

समर्थचा मेसेज — आई उद्या येतेय. एकटी. रिक्षाने.

कालिंदीने स्वच्छ घर पुन्हा पुसलं. मी मुखवट्यावर टॉवेल टाकला. काढला. परत टाकला.

१५ सप्टेंबर, सोमवार

सासूबाई आल्या. पाणी घेतलं नाही, तडक दुकानात गेल्या आणि टॉवेल स्वतःच्या हाताने काढला. मी माफी पाठ करून ठेवली होती. सुरुवातही केली.

"गप्प बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. चकलीनंतरचे त्यांचे पहिले शब्द.

खाली बसल्या. मुखवट्याच्या गालावरून हात फिरवला. एवढा हळुवार हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"ही मी नाही. ही द्वारकी. तुमची आई."

आई गेली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. तिचा एकही फोटो नाही. अण्णांनी दुसरं लग्न केलं, मग घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

"आम्ही दोघी एकदमच या गल्लीत नांदायला आलो. चेहरे इतके सारखे की लोक सख्ख्या बहिणी समजायचे," त्या म्हणाल्या. "पण ही भुवई मुळात तिची, मी तिच्याकडूनच उचलली. तुम्ही रडायला लागलात की अशीच करून बघायची."

त्या जेवून गेल्या. मी अजून इथेच बसलोय, तिच्यासमोर. येत्या सोमवारी घट बसतात. पहाटे धोंडीराम तिला न्यायला येईल.