जाळी बसवण्याचा दाखला

सर,

तुमच्या त्या पाच ओळींच्या दाखल्याची खरी किंमत मी परवा एकदा बसून काढली. एक लेथ, दोन प्रेस, एक स्पॉट वेल्डिंगचं मशीन, पाती तोलायचा तो स्टँड जो तुम्ही आणि मी मिळून बनवला होता, आणि नऊ माणसं. मशिनं ट्रकमध्ये चढून वापीच्या भंगारवाल्याकडे गेली. माणसं आपापल्या पायांनी गेली. दोघं सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात लागली, एक शिरपूरकडे परत गेला, बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. तुमच्या बाजूनं खर्च झाला तो कॉलेजच्या लेटरहेडचा एक कागद.

तुम्ही गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. तुमचा एक जुना विद्यार्थी मला मशीन विकायला आला होता, त्यानं चहा पिता पिता सांगितलं आणि तो हळहळला. मीही मान हलवली. पण खरं सांगू का, वाईट वाटायच्या आधी मला किळस आली. तीच जुनी. मशीनखाली तेलात कुजलेल्या चिंध्या ओढून काढताना येते ना, तशी.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते सिल्वासाजवळ सामरवरणीच्या आमच्या शेडमध्ये, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी धुळ्याकडून आलेला, आयटीआय अर्ध्यात सोडलेला फिटर. आमच्याकडे टेबल फॅन बनायचे. मोटर तेवढी बाहेरून यायची. पत्रा कापणं, पाती दाबणं, तार वळवून जाळी वेल्ड करणं, रंग, सगळं त्याच शेडमध्ये. तुम्ही मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वस्तू कशी आखायची आणि कशी बनवायची हे शिकवायचात, आणि पंख्याची पाती का थरथरतात यावर तुमचं संशोधन चाललं होतं, म्हणून दर शनिवारी यायचात. अजून दिसतं मला. तुम्ही पेटीतून यंत्र काढता, वायर जोडता, सुई बघून वहीत आकडे लिहिता. मी शेजारी डोळे मिटून उभा. तिसरं पातं जड आहे, मी म्हणतो. तुम्ही सुईकडे बघता, मग माझ्याकडे, मग पंखा थांबवून तिन्ही पाती एकेक करून काट्यावर ठेवता. तिसरंच निघतं. पुढच्या शनिवारी तुम्ही वीस पोरं घेऊन आलात आणि त्यांना सांगितलंत, यंत्रावर विश्वास ठेवा, पण आधी या माणसाला विचारा. पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत.

एकदा मात्र तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत. माल निघायची घाई होती, एक पंखा घरघरत होता, आणि मी हलक्या पात्याच्या मागे शिशाचा एक ठिपका टाकून त्याला गप्प केला होता. सगळे फिटर तेच करायचे. तुम्ही पातं उलटं केलंत आणि नखानं तो ठिपका खरवडलात. "दोष काढला नाहीस, लपवलास," तुम्ही म्हणालात. "दोन उन्हाळ्यांनी हा सुटेल तेव्हा तू त्या घरात नसशील." मला इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत नेला. पण पुढच्या शनिवारी तुम्ही स्टँडचं चित्र काढून आणलंत, मी तो लेथवर बनवला, आणि त्यानंतर आमच्या शेडमधून शिशाचा ठिपका बाहेर गेला नाही. चित्र आणलंत त्याच दिवशी तुम्ही आमच्या खोलीवर जेवायला आलात. पत्र्याच्या ट्रंकेवर बसून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लीत, तिसरी भाकरी मागून घेतलीत. तुम्ही गेल्यावर बायको म्हणाली, "शिकेल मानूस शे, पन भूक आपलासारखीच शे." जेवता जेवता तुम्ही मला विचारलं होतंत, वस्तू नेमकी बनते कुठे. मी म्हणालो, मशीनवर. तुम्ही म्हणालात, नाही रे, ती कशी असावी हे जिथं कोणीतरी ठरवतं, आणि ते ठरवलेलं जिथं कोणाचे तरी हात निभावतात, तिथं. उरलेलं सगळं पॅकिंग. हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं लोकांना ऐकवलं. माझं म्हणूनच ऐकवलं.

मग शेडच्या मालकाला, शेठला, हिशेब कळला. सिल्वासात नव्या कारखान्यांना करात सवलत होती, पण माल इथं बनला पाहिजे ही अट. शेठच्या ध्यानात आलं की पंखा बनवण्यापेक्षा बनलेला पंखा आणणं सोपं. बाहेरून तयार पंखे यायला लागले, रंगासकट, पात्यांसकट, फक्त जाळ्या वेगळ्या खोक्यात. आम्ही जाळी ठेवायची, चार स्क्रू पिळायचे, सिल्वासाचं लेबल चिकटवायचं. आठवड्याभरात प्रेस थंड पडल्या. तेवढ्यात कर खात्याचा एक इन्स्पेक्टर आला. त्यानं शेडमधून शांतपणे एक फेरी मारली आणि विचारलं की इथं बनतं काय. आम्हा दहा जणांना पहिल्यांदा बरं वाटलं. हा आडवा आला तर मशिनं परत सुरू होतील, असं आबा, आमचे म्हातारे वेल्डर, बोलूनही दाखवत होते.

इन्स्पेक्टरला दाखवायला जाणकाराचा दाखला हवा, म्हणून शेठनं तुम्हाला बोलावलं. तुम्ही बुधवारी आलात. कधी नव्हे ते बुधवारी. केबिनमध्ये नमुन्याचा पंखा घेऊन मी उभा होतो. शेठ हात जोडून म्हणाला, "साहेब, तमे खाली लखी आपो, बाकी हूं जोई लईश." तुम्ही फक्त लिहून द्यायचं, बाकीचं तो बघणार होता. तुम्ही पंखा फिरवून बघितलात, जाळी काढलीत, लावलीत. मला वाटलं, आता तुम्ही माझ्यासारखाच याचाही ठिपका नखानं खरवडाल. तुम्ही टाइपिस्टला मजकूर सांगायला लागलात. जाळी नसलेली ही वस्तू घरात वापरणं धोक्याचं आहे, सबब तिला पंखा म्हणता येत नाही. जाळी बसवण्याच्या क्रियेनं ती पंखा होते. सबब पंख्याची निर्मिती याच शेडमध्ये होते. एका दमात सांगितलंत, कुठं अडखळला नाहीत. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. आवाजात जराशी थरथर असती तरी मी पकडली असती. नव्हती.

तुम्हाला गेटपर्यंत सोडायला मीच आलो. वाटेत ताडपत्री घातलेला आपला स्टँड होता. तुम्ही त्याच्या बाजूनं गेलात, बघितलं नाहीत. मी म्हणालो, "सर, चार स्क्रू?"

"कायद्याला पुरतात," तुम्ही म्हणालात. मग रिक्षात बसताना म्हणालात, "तू काळजी करू नकोस."

शनिवारी मशिनं ट्रकमध्ये चढली. आबा वेल्डिंगचा चष्मा गळ्यात घालून बघत उभे होते. "पोरगी दुसऱ्याच्या घरची," ते म्हणाले, "आपण नुसतं कुंकू लावायचं आणि बाप म्हणून मिरवायचं. तुझा मास्तर मोठा हुशार, भाऊ. जन्माचा दाखलाच देऊन गेला." सगळे हसले. मास्तरनं किती घेतले असतील यावर त्यांच्यात पैज लागली. मी त्यांना गप्प बसवलं नाही.

नंतर माझं बरं झालं. अथालला आज माझं स्वतःचं युनिट आहे. मागं एका कॉलेजात मला बोलावलं, हार घातला, दोन शब्द बोला म्हणाले. मी पोरांना सांगितलं, मला बाप-काका कोणी नव्हता, कोणाची चिठ्ठी नव्हती, मी या दोन कानांवर वर आलो. टाळ्या खूप पडल्या. तिथलाच एक प्राध्यापक नंतर म्हणाला की तुमचा दाखला त्यांच्यात अजून किस्सा म्हणून सांगतात, बुद्धीची कमाल म्हणून. मी त्यांचा चहा तसाच खाली ठेवला. ज्यानं मला एका ठिपक्यासाठी झापलं त्याची ही कमाल. मी त्याला सांगितलं, "तुमच्या त्या गुरूनं सही विकली होती." तो गोरामोरा झाला. घरी येईपर्यंत मला त्याचं बरंच वाटत होतं.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे; मशीन विकायला आलेल्या त्या विद्यार्थ्यानं दिला. हे तिला पाठवावं असं मनात होतं. पण पाठवायचं तर इथं थांबता येत नाही, पुढचंही लिहावं लागतं, आणि ते एकदा लिहिलं की पाठवावंसं वाटत नाही.

मशिनं गेली त्यानंतरच्या सोमवारी शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं होतं. बाहेर नऊ जण हिशेब घ्यायला उभे होते. शेठ म्हणाला, "मास्तरनं फी नाय घेतली. एक पैसा नाय. तुला सुपरवाइजर ठेवायचा, एवढंच बोलला." मी बरं म्हणालो. बाहेर येऊन आबांना यातलं काही सांगितलं नाही, पुढंही कधी कोणाला सांगितलं नाही. त्याच दुपारपासून मी स्क्रू पिळणाऱ्या बायकांवर सुपरवायझर होतो, आणि पुढची सहा वर्षं होतो.