वहीतली दोन बोटं

कोपर, डोंबिवली,
५ जानेवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या पॉवर प्रेसच्या आवाजाने तुमचे कान गेले, फोनवर बोलून उपयोग नाही, म्हणून हे पत्र. ह्यांचा स्मृतिभ्रंश वाढलाय. दिवसा ह्यांना सोडते त्या ज्येष्ठांच्या केंद्रात सगळ्यांना आपापली जीवनकहाणी लिहायला सांगितलीय. हे रोज पानभर लिहितात, तेवढीच मला पाठ टेकता येते. खरंच थकले हो, दादा.

काल वही वाचली. लिहिलंय, वागळे इस्टेटला प्रेसखाली माझी दोन बोटं गेली. अहो, गेली ती तुमची! आता जेवतानाही दोन बोटं दुमडून बसतात, निम्मा वरणभात ताटाबाहेर. १९ तारखेला केंद्रात वही वाचायची आहे. ते पान खोडू का?

लोभ आहे तसाच ठेवा, त्याच्यावरच दिवस ढकलतेय.

शेवंती


कल्याण,
१० जानेवारी

चि. सौ. शेवंतीस,
अनेक आशीर्वाद.

खोडू नकोस. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. माझा हात प्रेसमध्ये असताना पेडलवर पाय तुझ्या सहदेवचा पडला. डबल पाळी करून पेंगत होता. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून चूक माझीच, असं मी साहेबांना सांगितलं. पुढे आम्ही दोघं भाऊ त्यावर एक अक्षर बोललो नाही. पंगतीत तो कायम माझ्या उजव्या अंगाला बसायचा, लोकांना माझा हात दिसू नये म्हणून. मला कळायचं, पण मी आपला गप्प. चुकलंच माझं. आता बोलून काय उपयोग?

तू दुपारची जरा पडत जा. थोरल्याचं एवढं तरी ऐक.

रवींद्र


कोपर,
१५ जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ओट्याशी उभी राहून रडले. ह्यांना मात्र एक शब्द बोललेले नाही, देवाशप्पथ. तरी आज वहीत नवं पान आहे. जसंच्या तसं उतरवते:

"पेडलवर पाय दादाचा होता. त्याने मुद्दाम नाही केलं. तो पंगतीत माझ्या शेजारी बसतो, पण माझ्याकडे बघत नाही. त्याला कुणीतरी सांगा, मी रागावलेलो नाही."

दादा, उपयोग अजून आहे. रविवारी, १९ला, केंद्रात या आणि हे पान तुम्ही वाचा, तुमच्या तोंडून. ह्यांना तुमच्या उजव्या अंगालाच बसवते.

वाट बघणारी,
शेवंती