दोष आढळला नाही

६ जानेवारी
कारखान्याचं उत्तर आलं. तेच — दोष आढळला नाही. फोन-लाइनच्या पेटीतलं तिसरं सर्किट-कार्ड तपासायला पाठवलं होतं, तेही परत. तक्रार बंद करायला लाइनमन म्हणून माझी सही हवी म्हणतात.

सॉल्वेगकाकूंचा फोन पहाटे मुका होतो, ऊन चढलं की बोलतो. कार्ड बदललं तरी तेच. एक्क्याऐंशी वर्षांच्या, शेतावर एकट्या. मोबाईल तिथे पोचत नाही. मुलगा डेल पुढच्या एक तारखेला येणार. फोनचा भरवसा नसला तर आईला शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार. काकू मला म्हणाल्या, "ऑर्विन, माझं घर आता तुझ्या हातात."

सही केली नाही.

९ जानेवारी
उणे एकोणतीस. काकूंसाठी नुसती प्रार्थना, दुसरं हातात काय?

१२ जानेवारी
पहाटे फोन पुन्हा बंद. शेताच्या कडेची पेटी उघडून कार्ड काढलं, नेहमीसारखं कोटाच्या आत छातीशी धरलं. वडील गारठलेली कोकरं अशीच आणायचे. ऑफिसात बाहेर काढलं — हाताला उबदार. थंडीत आजारी पडतं ते! मीच बरं करून पाठवत होतो. तीनदा!

तक्रारीच्या फॉर्मवर एकच ओळ लिहिली: कृपया गोठवून तपासा.

१६ जानेवारी
कारखान्यातल्या रेनाटाबाईंचा फोन. आजवर नुसतं उत्तराखालचं नाव. आधी टोमणा — इथे बाहेर संत्री पिकलीत, आणि मी तुमच्यापायी शीतपेटीपाशी कोट घालून उभी. डकोटात माणसं राहतात तरी कशी? मग आवाज उतरला. उणे पंचवीसला कार्डावरच्या डाखाच्या, म्हणजे सोल्डरच्या, एका ठिपक्यात चीर उघडते. केसाहून बारीक. ऊब लागली की मिटते. "भिंगातून उघडताना पाहिली मी. पापणी उघडावी तशी."



१८ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये स्तोत्राचे शब्द आठवेनात. डोळ्यांपुढे ती चीर. देवाच्या थंडीची बोटं किती बारीक!

२३ जानेवारी
नव्या डाखाचं कार्ड आलं, बसवलं. कारखान्याने सगळ्या फोन कंपन्यांना कळवलंय — हजारो पेट्यांतली कार्डं बदलणार. एका ओळीवरून! सही मात्र अजून नाही. आधी पुन्हा तशी थंडी पडू दे.

२८ जानेवारी
उणे चौतीस. पहाटे साडेपाचला माझ्या घरचा फोन वाजला. "ऑर्विन, मी पडलेय. कंबर हलत नाही. पण बघ, फोन लागला."

डॉक्टर म्हणतात, जगतील. घरी एकट्या राहणं मात्र आता नाही.

संध्याकाळी तक्रारीवर सही केली.