दोन किलो हळद

नांदेड, ४ ऑगस्ट

ती. अक्कास,
सुदर्शनचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल फुटला, म्हणून पत्र. फुटला म्हणजे मीच भिंतीवर मारला. तनुजाच्या स्टेटसला तुमच्या शाळेच्या मैदानाचा फोटो होता. इकडं तनुजा, गणिताची मॅडम, तिकडं तो विज्ञानाचा रविकिरण सर, मधी झेंड्याचा खांब, अन् सातवीची पोरं टेप घेऊन सावली मोजून राहिलीत. एक सावली मोजायला दोन मास्तर लागतात व्हय? तू त्याच शाळेत मराठी शिकवतीस, तुला दिसतच असंल. खरं काय ते लिही.

मी विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून मोंढ्यात हळदीच्या आडतीवर बसलो, म्हणून तिला दुसरं कोणी बरं वाटत असंल तर तसं सांग. मी काही करणार न्हाई. त्या सरचं गाव तेवढं कळव.

राग माझा अन् लोभ तुझा, दोन्ही आहेत तसे राहू दे.
सुदर्शन

लातूर, ९ ऑगस्ट

चि. सुदर्शन यास,
उज्ज्वलाचे अनेक आशीर्वाद.

लागतात दोन मास्तर. उजेड सरळ रेषेत जातो हे सर शिकवतात, अन् काठीच्या सावलीवरून खांबाची उंची काढायचं गुणोत्तर तनुजा शिकवते. पोरांना ते एका तासात आलं. सावलीला लाथ मारून खांब हलत नसतो, हे तुला अजून आलं नाही.

आता कामाचं. सातवीला आम्ल-आम्लारी सुरू होतंय. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा. त्याला साबणाचं पाणी लागलं की तो लाल होतो. त्यासाठी तनुजाला दोन किलो हळद हवी, बिनभेसळीची. चोवीसला, रविवारी, तूच घेऊन ये आणि तिच्या घरी दे. तिचे बाबा घरीच असतात. शर्टाला इस्त्री कर.

जळकोटहून आई विचारते, पोरगा जेवतो का. जेवत जा. माया आहेच, ती पत्रात मागू नकोस.
अक्का

नांदेड, १३ ऑगस्ट

ती. अक्कास, नमस्कार.

सातवीच्या पोरांचं नाव पुढं करून लग्नाची हळद मागवणारी नवरी मी पहिल्यांदाच पाहिली. कागदाला दोन किलो? तेवढ्यात अख्खं वऱ्हाड हळद खेळतंय. अन् मी इस्त्री करून यायचं, तिच्या बाबांनी हातावर पेढा ठेवायचा, अन् म्हणायचं, जावई मास्तर मिळाला. एवढा येडा न्हाई मी.

हळद एसटी पार्सलनं पाठवलीय. अशी चढंल की जन्मात विसरायचे न्हाईत. नवरदेवाच्या तोंडाला जरा जास्तच लावा म्हणावं.

मी काही रडून राहिलो न्हाई. आडतीवर धूळ उडते, डोळे तसेच राहतात.
सुदर्शन

लातूर, २८ ऑगस्ट

चि. सुदर्शन,
आशीर्वाद आहेत, पण आज हात उचलत नाही.

तुझी हळद पाण्यात पडली अन् साबण लागायच्या आधीच लालभडक. सर बिचारे बादलीला दोष देत बसले. तनुजानं लिंबू पिळलं. फेस आला, पाणी परत पिवळं झालं. मग तिनं पोरांना लिंबाचे थेंब मोजायला लावले, अन् धुण्याचा सोडा किती मिसळलाय ते प्रमाण काढायला लावलं. एकीनं विचारलं, मॅडम, असं कोण करतं? तर म्हणाली, ज्याला सातवीचं विज्ञान येतं अन् माणूस वाचता येत नाही, तो.

कागदाला पाव किलो पुष्कळ झाली असती. ओझं जड असलं म्हणजे तू स्वतः येशील, म्हणून दोन किलो. तिनं बाबांना तुझ्याबद्दल सांगितलं होतं. पार्सल आलं तरी तिला वाटलं, तू मागून येशील. रविवारी बाबा नवा सदरा घालून दिवसभर बसले. दिवेलागणीला सदरा खुंटीला लावला अन् म्हणाले, जे पोरगं हळद द्यायला येत नाही, ते हळद लावून घ्यायला काय येणार.

सरांचं गाव विचारलं होतंस. शिरूर अनंतपाळ. बायको अन् दोन लेकरं तिथंच असतात.
अक्का

नांदेड, १ सप्टेंबर

ती. अक्का,

सोड्याचं मला काही ठाऊक न्हाई.

येत्या रविवारी येऊन राहिलो. पाव किलो हळद आणतो, तिच्या बाबांसमोरच पाण्यात कालवा. पिवळी राहिली, तर त्यांना खुंटीवरचा सदरा काढायला सांग. लोभ मागायचं तोंड न्हाई, तरी मागतोय.

सोबत लिंबं पण आणतोय. मला किती थेंब लागतील, ते तिनंच काढावं.
सुदर्शन