एक जानेवारीचे आठशे बारा रुग्ण

प्रिय मावशीस,
तुझ्या बिनपदवीच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या साहेबांनी आठशे बारा माणसं एका बोटाने बरी करायची ठरवली, आणि माझं आयुष्य बदललं. (आधी तुझी खुशाली कळव. हाताच्या मुंग्या कमी आहेत ना? उन्हात फिरत नाहीस ना? काका आता स्वतःचा चहा स्वतः करतात की अजून हाका मारतात?)

कॉलेजचं दार आपटून मी बाहेर पडलो आणि तुझ्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या राष्ट्रीय रुग्णनोंदणीत चिकटलो, हे तू जाणतेसच. देशभरातल्या दवाखान्यांतून तुझ्या या नसांच्या आजाराच्या माणसांचे फॉर्म येतात, ते आम्ही संगणकात भरतो, आणि त्या यादीवरून पुढच्या वर्षीची इंजेक्शनं मागवतात. यादीत नाव नाही, तर इंजेक्शन नाही. आता फॉर्मवर एक रकाना आहे, 'आजार सुरू झाल्याची तारीख'. हा आजार काय वाजतगाजत येतो? कुणी लिहितं, 'पायात चप्पल आहे की नाही कळेना तेव्हापासून'. पण तारीख दिल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडत नाही. म्हणून अशांपुढे आमच्या कचेरीत एक जानेवारी ठोकतात. त्यातून साहेबांना शोध लागला, की हा आजार बहुतेकांना नववर्षाच्या दिवशीच होतो, आदल्या रात्रीच्या जागरणाने! त्यांनी परिषदेसाठी निबंध लिहिला, नवा कोट शिवायला टाकला. मंगळवारी तपासनीस आले, तक्ता बघून म्हणाले, "माझ्या बायकोचा वाढदिवसही मी सगळीकडे एक जानेवारीच लिहितो. आठवत नाही ना!"

साहेब घटाघट पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "शुक्रवारपर्यंत या खोट्या नोंदी काढून टाक." तारीख खोटी आहे, माणसं खरी आहेत, एवढं बोललो तर म्हणे, "तू कॉलेज किती केलंस रे?" माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली (खाली टाचणी होती).

त्या आठशे बारांतले एकेचाळीस जण तिच्या दवाखान्यातले. ती म्हणजे एक नर्स, जिला मी अजून पाहिलेलं नाही. तारीख नाही म्हणून मी परत पाठवलेल्या एका फॉर्मवर तिने लिहिलं होतं, 'रुग्णाला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर भरा.' मावशी, त्या ओळीवर मी जो आडवा झालो तो अजून उठलो नाही. रोज चार वाजता तिला फोन करतो, कामाचंच बोलतो (असं तिला वाटतं). खरी तारीख भरली की नोंद काढायचं कारण उरत नाही, म्हणून मंगळवारपासून ती माझ्याबरोबर जुंपलीय, बाकीच्या दवाखान्यांनाही तिनेच धारेवर धरलंय. एकेका माणसाला विचारून आठशे अकरा तारखा झाल्या.

तुझा भाचा

ता. क. उरलेली एक तुझी. तू लिहिलंस, 'धाकटीच्या लग्नात हातातून पेला सुटला तेव्हापासून.' ती धाकटी म्हणजे माझी आई! आई एक तारीख सांगते, बाबा दुसरी, आणि दोघं कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत. पत्र घेऊन येणाऱ्याच्याच हाती खरी तारीख पाठव. आज शुक्रवार आहे.

आणखी एक. एक जानेवारीची युक्ती साहेबांची नव्हे, माझी. त्या दिवशी चार वाजायला पाच मिनिटं होती, तिला फोन करायची वेळ टळायला आली होती, आणि हातात फॉर्म तुझा होता. बाकीच्यांनी माझं बघून गिरवलं. ती विचारते, ही अक्कल कुणाची, तर मी आजवर साहेबांचं नाव सांगत आलो. आता आधी साहेबांना खरं सांगतो, मग चार वाजता तिला. पाकीट शिपायाच्या हाती देतो आणि साहेबांकडे निघतो. दार ओढून घेईन, या वेळी न आपटता.