हँडब्रेकची रिकामी दांडी

लोणावळा,
ता. ११ जुलै १९७४

आदरणीय माधवराव यांना,

गंगाधरचा नमस्कार. (नखांतला चिखल अजून निघालेला नाही, तरी हात मनापासून जोडले आहेत.) शैलावहिनींचा गुडघा या हवेत कसा आहे? तुमचं पित्त? आणि तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, रविवारपासून तळेगावला तुमच्याकडे येऊन बसली आहे, ती जेवतेबिवते ना? ती काहीच सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून मीच सांगतो. ऐकाल तर तोंडात बोट घालाल. मी घातलेलं अजून काढलेलं नाही.

आमची दोन सीटांची लाल गाडी तुम्ही जाणताच. (तुम्ही तिला ‘म्हातारी नटी’ म्हणता, ते मला आवडत नाही, पण तो विषय वेगळा.) बंगलेवाल्या साहेबाकडून घेतली तेव्हापासून तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की मागची चाकं माझं ऐकेनाशी होत. म्हणून अकरा वर्षं आमची रीत ठरलेली : उतार आला की पायाचा ब्रेक मी दाबायचा, ‘हं!’ म्हणायचं, आणि हँडब्रेक सरोजिनीने ओढायचा, दोन्ही हातांनी, ओठ घट्ट मिटून. लोणावळ्यात थांबायचं तर तयारी कुसगावपासून. एवढ्या वर्षांत एक कोंबडी मेली नाही. (एक बकरी लंगडली, पण ती आधीपासूनच लंगडत असावी असं माझं प्रामाणिक मत आहे.)

आणि मग तुम्ही, होय, तुम्हीच, मुंबईच्या भंगारातून मागच्या चाकांसाठी डिस्क शोधून पाठवल्यात! ड्रम म्हणजे उपडं पातेलं, त्याला आतून पट्टे दाबतात. डिस्क म्हणजे ताटली, तिला बाहेरून चिमट्यात धरायचं. बजरंग मेकॅनिकने चार दिवस खपून पातेली काढली, ताटल्या बसवल्या. पहिल्या दिवशी मी सवयीने फर्लांगभर आधी पाय दाबला आणि माधवराव, गाडी थांबली! जागच्या जागी! मी हबकलो. मागच्या टांग्याचा घोडा तर आमच्या टपावर नाक टेकूनच थांबला. पुढचे आठ दिवस आम्ही जिथे जायचं त्याच्या फर्लांगभर आधी पोचत होतो.

रविवारी वडिवळ्याला कोंडूकडे जुना आंबेमोहोर आणायला गेलो. त्याच्या भातखाचराच्या वर, उतारावर गाडी लावली. सरोजिनीने रिवाजाप्रमाणे हँडब्रेकची दांडी खेचली आणि स्वतः आतच बसून राहिली. मी तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून वळतो तो काय, गाडी जागेवर नाही! ती मागे मागे निघाली होती, आणि आत सरोजिनी दोन्ही हातांनी दांडी ओढत माझ्याकडे बघत होती. अरे देवा! गाडी बांध ओलांडून खाचरात गेली आणि चिखलात बसली. लावणी करणारी कोंडूची बायको बायडाबाई ओरडली, “आवं मास्तरीणबाई, उतरू नगा, ढोपरभर चिखल हाय!” सरोजिनी उतरली. खरचटलंसुद्धा नाही, नशीब माझं.

बैलांनी गाडी ओढायची म्हणून कोंडू दोर बांधायला खाली वाकला, आणि उठून सगळ्या लावणीकऱ्यांदेखत म्हणाला, “मास्तर, ह्या दांडीला खाली कायबी जोडल्यालं न्हाई. तार नुसती लोंबतीया.”

मला केवढा धक्का बसला म्हणून सांगू! हँडब्रेकची तार जाते ड्रमला. ड्रम गेले, ती सुटली. या नव्या डिस्कना हँडब्रेकची सोयच नाही! हे कुणी सांगायला नको? बजरंगला मी चांगला फैलावर घेणार आहे. सरोजिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि तशाच चिखलाच्या पायांनी कामशेत स्टेशनची वाट धरली. मी पिशवी घेऊन मागे धावलो. वळून बघेल तर शपथ. तुम्ही थोरले, तुमचं ती ऐकते. चूक मेकॅनिकची होती, एवढं तिच्या गळी उतरवा.

वहिनींना नमस्कार सांगा, गुडघा शेकत जा म्हणावं.

तुमचा हवालदिल मेहुणा,
गंगाधर

ता. क. बजरंगला फैलावर घेतलं नाही. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मास्तर, हँडब्रेक ऱ्हाणार न्हाई, बाईंच्या कानावर घाला.” बाईंना चकार शब्द बोलू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं.

दुसरा ता. क. आठ दिवस मी ‘हं!’ म्हणत होतो आणि ती बिचारी रिकामी दांडी जिवाच्या आकांताने ओढत होती. थांबलो की मी गुपचूप गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायचो. रविवारी विसरलो. पण ‘आता तुझी गरज उरली नाही’ हे अकरा वर्षांनी बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि गरज नाही हेही खोटंच. ब्रेक कितीही पक्का असो, तिचा हात त्या दांडीवर नसला तर उतारावर माझी छाती धडधडते. हे मी तिला कधी बोललो नाही, लाज वाटते. तुम्ही बोला.

तिसरा ता. क. बजरंगने आज ड्रम परत बसवले. तिला न्यायला मीच निघालो होतो, पण पहिल्या उतारावरूनच माघारी आलो. तिला एवढंच सांगा, गाडी पुन्हा पूर्वीसारखी थांबेनाशी झाली आहे.