पाच वाजेपर्यंतचा पहारा

९ एप्रिल २०१६

सुट्टीचा चौथा दिवस. टँकर आलाच नाही! सिंधु शेजारणींबरोबर लांबच्या विहिरीला निघाली. मीही उठलो, तर माय हसली — बायकोच्या पाण्याला फौजी कशाला रे? तरी गेलो. बायका पाणी शेंदेपर्यंत बांधावर उभा राहिलो.

१० एप्रिल

पारावर पाण्याचं कुणी बोलत नाही. उदगीर जिल्हा कधी होणार, जळकोट त्यात जाणार का — हेच! अण्णाराव विहार कमिटीचे. म्हणाले, जयंतीला तुझा सत्कार करू, दक्षिण सुदानात शांतिसेनेत जाऊन बाया-लेकरं वाचवलीस. नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

११ एप्रिल

लिहूनच टाकतो.

तिकडं निर्वासितांच्या छावणीतल्या बाया सरपणाला बाहेर जायच्या. रानात बंदूकवाले. म्हणून आमची गाडी पाच वाजेपर्यंत वाटेवर उभी असायची. गाडीचा प्रमुख मी. न्यादेंग म्हातारी सगळ्यांच्या मागे, मोळी मात्र सगळ्यांत मोठी. दुभाष्याकरवी रोज विचारायची — आम्ही येईपर्यंत थांबणार ना? मी रोज हो म्हणायचो.

त्या दिवशी वीस मिनिटं आधी गाडी वळवली. बाकीच्या बाया धावत पळत आल्या. ती आली नाही. सकाळी मोळी सापडली, शेजारी ती.

अहवालात लिहिलं — पाच वाजले होते.

१४ एप्रिल

सत्कार झाला. शाल, हार, टाळ्या. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघवेना. दोन शब्द बोला म्हणाले. म्हणालो, ड्यूटी केली.

खोटारडा!

१५ एप्रिल

विहिरीच्या वाटेवर सिंधु खुशीत होती. म्हणाली, "तुमी तिकडं असताना एकदाच पोटभर बोललात. अर्धा तास! त्या दिशी फोनच्या रांगेत तुमचा नंबर पयला लागला होता."

मी मान हलवली. रांग पाचला लागायची. पहिला नंबर धरायचा म्हणूनच गाडी वळवली होती. वर्षभरातलं तिचं एवढंच सुख, तेही असलं. लाज वाटते.

१६ एप्रिल

सांगितलं तिला. सगळं.

ती घागर टेकवून खाली बसली. म्हातारीचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं. घरी येऊन शालीची घडी माझ्या हातात दिली.

"ही अण्णारावमामाला देऊन या. अन् पाच वाजले न्हवते, हे तुमच्या सायबाला लिवा. मंग माझ्याशी बोला."